गोळ्या बदलल्या आणि उपाशीपोटीची साखर वाढली. जुनी गोळी परत सुरू करावी का?

जांबोटीची सून
नमस्कार मंडळी. आमच्या आत्यांचं (सासूबाईंचं) विचारायचं आहे. वय ६६, साखर जुनी. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. इतकी वर्षं गावाकडच्या डॉक्टरांची एकच गोळी चालू होती, सकाळ-संध्याकाळ. पाकिटावर तीन औषधं एकत्र लिहिलेली: ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२. उपाशीपोटी १०५-११५ यायची आणि घरात सगळे खूश.

पण दुपारच्या वेळी कधी कधी दरदरून घाम यायचा, हात कापायचे. उपासाच्या दिवशी तर हमखास. यंदा लावणीच्या वेळी चिखलातून वर आल्या आणि बांधावरच बसल्या. नाव विचारलं तर धड सांगता येईना. बायकांनी साखर घालून चहा पाजला, पण माणूस ठिकाणावर यायला बराच वेळ गेला.

मग बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.४, आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या: क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची गती) ५०. त्यांनी जुनी गोळी पूर्ण बंद केली. आता मेटफॉर्मिन ५०० एसआर (हळूहळू विरघळणारी) दोन वेळा आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिन १०, एवढंच. त्यानंतर घाम-बिम एकदाही नाही. पण सकाळची साखर १६५ ते १९०, जेवणानंतर २३०-२४०. पुढची तारीख अजून लांब आहे. आमचे हे म्हणतात, तोवर जुनी गोळी संध्याकाळी अर्धी देऊया. शेजारच्या काकीही तेच म्हणतात, "जुनंच बरं होतं की." मला धीर होत नाही. काय करावं?

खडेबाजार
जिने बांधावर बसवलं तीच गोळी परत देणार? डॉक्टरांना फोन करा आधी.

उद्यमबाग_शिफ्ट
वहिनी, घाबरू नका. माझंपण असंच झालेलं. फौंड्रीत तीन शिफ्टा, जेवणाचा टाइम कधी सारखा न्हाई, आणि ग्लिमेपिराइड चालू. रात्रपाळीत मशीनीपुढं गरगरायला लागलं की खिशातलं चॉकलेट. गोळी बदलल्यावर पहिले काही आठवडे आकडा बघून झोप येत नव्हती. १८० बघायची सवय नसते ना माणसाला.

रानऔषधी
ताई, तुम्ही खानापूरच्या जंगलाशेजारी राहता आणि गोळ्यांच्या मागे कशाला लागता? मधुनाशिनीचा पाला सकाळी चावायचा, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. माझ्या ओळखीत कितीतरी लोकांच्या गोळ्या सुटल्या.

खडेबाजार
सुटल्या की त्यांनी सोडल्या?

औषधवाला, निपाणी
दुकानात बसून लिहितोय, मधे मधे गिऱ्हाईक आहे, सांभाळून घ्या.

आधी हिशोब बघू. जुन्या गोळीतून रोज ग्लिमेपिराइड ४ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन १००० आणि व्होग्लिबोज ०.४ पोटात जात होतं. आता मेटफॉर्मिन तेवढंच आहे. दोन औषधं गेली, एक आलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला चाप लावून इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, चिखलात राबलात की नाही, हे ते बघत नाही. साखर खाली नेण्यात ते दणकट, म्हणून इतकी वर्षं १०५ दिसत होती. मूत्रपिंड थोडं मंदावलं की त्याचा अंश शरीरात जास्त वेळ रेंगाळतो आणि तोच डोस जड होतो. आत्यांचा ईजीएफआर ५० आहे, तेव्हा हे असंच घडत असणार.

व्होग्लिबोज पिष्टाचं पचन लांबवतं. ते गेलं की जेवणानंतरचा आकडा चढणार, त्यात नवल नाही. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. ईजीएफआर कमी असला की साखर उतरवण्याचं त्याचं काम थोडं कमी पडतं, तरीही डॉक्टर ते मुद्दाम देतात, कारण मूत्रपिंड आणि हृदय दोन्हीला त्याचा आधार आहे. २०२० पासून मधुमेहात मूत्रपिंडासाठी ते सर्रास लिहिलं जातं. त्याच वर्षी आपल्याकडे पेटंट संपलं आणि किंमत उतरली, म्हणून आता खेडोपाडी मिळतं. पूर्वी हे पाकीट मागायला माझ्याकडे कोणी फिरकत नसे.

थोडक्यात, आकडा वाढला हे हिशोबाप्रमाणेच आहे. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नाही.

आणि त्या साखरेच्या चहाबद्दल: व्होग्लिबोज पोटात असताना साधी साखर लवकर फुटत नाही. म्हणून वेळ लागला असणार. अशा माणसाला ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते. हे पाकिटावर कुणी ठळक लिहीत नाही याचा मला राग येतो.

जांबोटीची सून
बाई गं. व्होग्लिबोज आणि साखरेचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सिस्टर_निवृत्त
मी बेळगावातच वॉर्डात आयुष्य काढलंय. औषधवाले म्हणतात ते बरोबर. मी फक्त ६.४ बद्दल बोलते. ६६ वर्षांची बाई, ग्लिमेपिराइड चालू, आणि एचबीए१सी ६.४ असेल तर आम्ही खूश होत नसू, उलट विचारत असू की घाम येतो का, रात्री दचकून उठता का. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी. ६.४ म्हणजे सरासरी १३७ च्या आसपास. पण त्या सरासरीत २२० पण असतात आणि ५५ पण असतात. खालच्या आकड्यांनी वरचे झाकले जातात. ७.५ म्हणजे सरासरी १६९. या वयात, आधी साखर घसरलेली असताना, पुष्कळ डॉक्टर ७ ते ७.५ वर समाधानी राहतात. तब्येत अगदीच नाजूक असली तर ८ सुद्धा चालवून घेतात. तुमच्या डॉक्टरांनी आत्यांसाठी कुठला आकडा धरलाय ते विचारलंत का? तो फाईलवर लिहून घ्या.

जुनी गोळी अर्धी करून देऊ नका. अर्धी केली तरी त्यात तिन्ही औषधं येतात. वर मेटफॉर्मिनही आताच्यापेक्षा जास्त जातं.

आता मला सांगा, मीटर आहे ना घरी? रोज फक्त सकाळची बघता का?

जांबोटीची सून
हो, मीटर आहे. सकाळची रोज, आणि कधीतरी जेवणानंतर. पट्टी पंधरा-वीस रुपयांना एक पडते, म्हणून जपून.

सिस्टर_निवृत्त
मग पट्ट्या वाढवू नका, जोडीने वापरा. सुटी सकाळची साखर फार काही सांगत नाही. एक दिवस रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. तिसऱ्या दिवशी परत रात्र-सकाळ. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं, गोळी किती वाजता घेतली, शेतात गेल्या होत्या का, एवढंच लिहायचं. रात्री चांगली आणि सकाळी चढलेली असेल तर गोष्ट वेगळी, रात्रीच चढलेली असेल तर वेगळी.

हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा. केळं सोलून झाल्यावर तसंच बोट टोचलं तर भलताच आकडा येतो. वॉर्डात हे इतक्या वेळा बघितलंय. आणि खानापूरच्या पावसात पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, दमटपणाने पट्ट्या बाद होतात. चुलीजवळही नको.

पुण्यातला बेळगावकर
दंडावर चिकटवायचा सेन्सर लावा की सरळ. १४ दिवस चालतो, मोबाईलवर रात्रभराचा आलेख दिसतो. वही-बिही कशाला?

खडेबाजार
पुण्यातून सेन्सर सांगायला काय जातंय. त्यांच्याकडे पावसात रेंज नसते, लाईट नसते.

औषधवाला, निपाणी
सेन्सर वाईट नाही. रात्री साखर घसरते अशी शंका असली तर फार कामाचा. पण आत्यांची साखर घसरवणारी गोळी बंद झालीय. चार जोड्या आल्या की बरंच कळेल.

रानऔषधी, तुमच्याशी भांडण नाही. कारलं खावं, भाजी म्हणून छान आहे. पण गोळी चालू असताना रसाचा मारा केला तर काय कशामुळे झालं हेच कळेनासं होतं. बाजारातल्या काही "देशी" पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळीच कुटून घातलेली सापडल्याचे प्रकार झालेत. ज्या औषधाने माणूस पडतो त्याच जातीचं, पण न सांगता. ज्यांना गोळ्या सोडून बरं वाटतंय त्यांनी एकदा प्रयोगशाळेत तपासून बघावं.

रानऔषधी
पुडीचं माहीत नाही, मी पाल्याबद्दल बोललो. असो. गोळ्या बंद करा असं मी म्हटलेलं नाही.

उद्यमबाग_शिफ्ट
म्हटलंत की ओ. वर वाचा.

वडगावचा माग
मी डापाग्लिफ्लोझिनवर आहे. मागावर बसून दिवस जातो, उठून पाणी प्यायचं विसरतं. वहिनी, या गोळीवर पाणी कमी पडू देऊ नका. लघवीला जास्त होतं, आणि लावणी-भांगलणीच्या दिवसात बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, शेतात जायची सोय नाही म्हणून. हे आमच्या घरात पण आहे. चक्कर येते मग, आणि लोक समजतात साखर कमी झाली.

दुसरं, लघवीतून साखर जाते म्हणून तिथे खाज सुटू शकते, बुरशी येते. बायकांना जास्त. म्हाताऱ्या माणसाला बोलायची लाज वाटते. तुम्हीच विचारा. लघवीनंतर साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं ठेवायचं. खाज आली तर डॉक्टरांना सांगायचं, मलम मिळतं. गोळी लगेच टाकून द्यायची गरज नसते बहुतेक वेळा.

आणि लघवीची तपासणी केली तर त्यात साखर प्लस-प्लस येणारच. प्रयोगशाळेतल्या पोरीने मला घाबरवलं होतं. गोळीचं कामच ते.

जांबोटीची सून
सांगितल्याप्रमाणे केलं. वहीतलं तसंच उतरवते.

सोमवार रात्री १०, झोपताना १६२. मंगळवार सकाळी १८८.
बुधवार रात्री १४८. गुरुवार सकाळी १८१.
मंगळवार दुपारी जेवणाआधी १३६, दोन तासांनी २३१. (भात दोन वाट्या, आमटी, वांग्याची भाजी, ताक)
शुक्रवार दुपारी जेवणाआधी १२९, दोन तासांनी १९२. (भाकरी दीड, हुलग्याचं माडगं, मेथीची भाजी)

हे बघून मलाच नवल वाटलं. जेवणाआधी १३०-१३५ असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आणि रात्री झोपताना बरी असते, सकाळी वर कशी जाते?

सिस्टर_निवृत्त
शाब्बास. यालाच वही म्हणतात.

रात्रभरात २५-३५ नी चढते. दोन कारणं असू शकतात. एक, पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, ते बऱ्याच जणांत असतं. दुसरं, रात्री तुमची मोजणी झाल्यावर काहीतरी पोटात जातं. मला एक सांगा, आत्यांच्या उशाशी काय असतं?

जांबोटीची सून
सिस्टर, तुम्हाला कसं कळलं हो?

स्टीलचा लहान डबा आहे. मला वाटायचं सुपारी असेल. काल उघडून बघितला तर बेकरीतले बटर (बिस्किटासारखे कडक) आणि वर गुळाचा खडा, मुंग्या येऊ नयेत म्हणून फडक्यात बांधलेला. विचारल्यावर म्हणाल्या, "रात्री अकराला एक बटर नि गुळाचा खडा खाते. किती वर्सं झाली. त्या डाक्टरनीच सांगितलंवतं, उपाशी निजायचं न्हाई, रात्री थरथर झाली तर कोण उठवणार?" दुपारी चारला पण चहाबरोबर दोन बटर, त्याच भीतीने. चोरून नाही खात, त्यांच्या लेखी ते औषधच आहे.

सिस्टर_निवृत्त
त्या खोटं बोलत नाहीत. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाला "उपाशी झोपू नका" हे सांगावंच लागतं, आणि मी स्वतः शेकडो बायकांना सांगितलंय. फक्त गोळी बदलताना ती सूचना रद्द झाली हे सांगायचं राहून जातं. डॉक्टर गोळीचं नाव खोडतात, पण गोळीसाठी लावलेल्या सवयी कुणी खोडत नाही. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन एवढ्या दोघांवर साखर ७० च्या खाली जायचं प्रमाण फार कमी. आता तो गूळ निव्वळ गूळ आहे.

पण डबा हिसकावून घेऊ नका हं. ज्या बाईला बांधावर मरणाची भीती वाटली तिच्या उशाचा आधार आहे तो. त्या डब्यात ग्लुकोजची पावडर आणि चमचा ठेवा. रात्री झोपताना मीटरवर आकडा त्यांना दाखवा. १४०-१५० असली की सांगा, आत्या, आज गरज नाही. कधी थरथरलं तर आधी मोजायचं; ७० च्या खाली असेल तरच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. आणि माणूस नीट गिळत नसेल, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, गाडी काढायची.

उद्यमबाग_शिफ्ट
माझ्या खिशातलं चॉकलेट आता कळलं. गोळी बदलून वर्स झालं, मी अजून खातोय 🙈 वजन का वाढालंय म्हणून बायको रोज विचारते.

औषधवाला, निपाणी
हे दुकानात मला रोज दिसतं. बिस्किटाचा पुडा आणि शुगरची गोळी एकाच पिशवीत घालून देतो आम्ही.

जेवणाच्या जोड्याही बघा. भाताच्या दिवशी ९५ नी चढली, भाकरीच्या दिवशी ६३ नी. यावरून "भात वाईट, भाकरी चांगली" असं लगेच धरू नका. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठातही पिष्ट ७० ग्रॅमच्या घरात असतं, कच्च्या तांदळात त्याहून थोडंसं जास्त. फरक पडला तो जास्त करून हुलगे आणि मेथीने, आणि भाकरी दीडच खाल्ली म्हणून. चार भाकऱ्या रिचवून "मी भात सोडलाय" म्हणणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

वडगावचा माग
आमच्याकडे जोंधळ्याची भाकरी म्हणजे साखरेचं औषधच समजतात. चिकोडी-निपाणीकडचे लोक तर भाकरी मोजतच नाहीत.

औषधवाला, निपाणी
निपाणीकराला निपाणीचं सांगू नका 😀

जांबोटीची सून
आमच्याकडे तीन वेळा भात. घरचा तांदूळ, तो सोडा म्हणणं म्हणजे घर सोडा म्हणणं. आत्यांनी एवढं कबूल केलंय की दुपारी एक वाटी भात, आमटी जाड, आणि आधी भाजी-ताक. संध्याकाळी नाचणीचं आंबील त्या गोड करून प्यायच्या, आता ताकातलं.

अजून एक. श्रावण चालू आहे. सोमवार धरतात, पुढे एकादशी आहे. उपास चालेल का? पूर्वी याच उपासात घाम फुटायचा.

सिस्टर_निवृत्त
पूर्वी घाम फुटायचा तो उपाशीपोटी ग्लिमेपिराइड गेल्यामुळे. आता ती भीती नाही, पण वेगळी आहे. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना दिवसभर न खाता, न पिता राहणं बरं नाही. शरीरात पाणी कमी पडतं, आणि क्वचित रक्तात आम्ल वाढतं, तेही मीटरवर साखर फार न वाढता. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं. मीटरवर २०० च दिसते म्हणून घरचे निवांत राहतात आणि तिथेच घात होतो. म्हणून निर्जळा अजिबात नको. फराळ करून, पाणी पिऊन उपास करायचा असेल तर त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या.

फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि रताळी हे मात्र उपासाच्या नावाखाली दुप्पट पिष्ट. शेंगदाण्याची आमटी आणि थोडी वरई बरी.

आणि एक गोष्ट फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ताप, जुलाब, उलट्या होऊन जेवण जात नसेल तेव्हा डापाग्लिफ्लोझिन थांबवायची, मेटफॉर्मिनबद्दलही विचारायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मोतीबिंदूचं असो की कसलंही, ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. मोठ्या ऑपरेशनआधी ती तीन दिवस बंद ठेवतात.

पुण्यातला बेळगावकर
हे माझ्या आईच्या फाईलवरपण लिहितो. तिच्या डॉक्टरांनी हीच गोळी दिलीय, तिला फक्त "सकाळी एक" एवढंच माहीत आहे.

खडेबाजार
आता कसं बोललात.

जांबोटीची सून
माझीही तीच अडचण आहे. माझं माहेर चंदगडकडचं, कन्नड वाचता येत नाही. फाईल इंग्रजीत, पाकिटावर औषधवाला कन्नडमध्ये खरडतो, तिथली सिस्टर कन्नडमध्ये भराभर सांगते. मी मान डोलावते, आणि घरी येऊन ह्यांना विचारते तर ते कामावर गेलेले.

औषधवाला, निपाणी
बिनधास्त सांगा, "मराठीत लिहून द्या." आमच्या भागात बहुतेक दुकानदारांना येतं. नाहीच आलं तर सकाळ-दुपार-रात्र असे आकडे, १-०-१, आणि जेवणाआधी की नंतर एवढं लिहून घ्या. रिकामी पट्टी टाकू नका, तीच घेऊन चला. दोन कंपन्यांची नावं वेगळी आणि आत औषध एकच, असं फार होतं. खानापूरच्या दवाखान्यातली एक आणि बेळगावच्या दुकानातली एक, अशी ग्लिमेपिराइड दोनदा जाणारी माणसं मी बघितलीत. सरकारी आरोग्य केंद्रातून बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट आणत असाल तर त्याही दाखवा.

जांबोटीची सून
थोडं वर्तमान देते.

बटर आणि गूळ बंद होऊन दहाएक दिवस झाले असतील. डब्यात ग्लुकोज आहे, अजून पुडी फोडलेली नाही. सुरुवातीला आत्या रात्री दोनदा उठून "मोज गं" म्हणायच्या, पट्ट्या गेल्या, पण गेल्या तर गेल्या. सकाळची आता १४० ते १५२ च्या मध्ये येते.

डॉक्टरांकडे तारखेआधीच वही घेऊन गेले. आधी त्यांनी वहीच वाचली, मग फाईल. जुनी गोळी परत नको म्हणाले, साफच. सकाळची आता ठीक आहे, दुपारी जेवणानंतर अजून २१० पर्यंत जाते म्हणून लिनाग्लिप्टिन ५ सकाळी वाढवली आहे. एचबीए१सी तीन महिने झाल्यावरच करायची, ७.५ च्या आत आली तर त्यांना चालेल. फाईलवर तसं लिहून घेतलं. उपासाला पाणी आणि फराळ हवाच म्हणाले, आणि त्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन घ्यायची नाही, हे आत्यांसमोर मराठीत सांगितलं, म्हणजे आता माझ्यावर बोल नाही.

औषधवाला, निपाणी
लिनाग्लिप्टिनला मूत्रपिंडासाठी डोस कमी-जास्त करावा लागत नाही, म्हणून ती निवडली असणार. तीही एकटीने साखर पाडत नाही. किती पट्ट्या उरल्यात जुन्या गोळीच्या?

जांबोटीची सून
तीन पाकिटं. हे म्हणतात ठेवूया, पैसे दिलेत. काकी म्हणतात त्यांच्या दिराला द्या, त्यालाही शुगर आहे.

औषधवाला, निपाणी
दिराला अजिबात नको. न उघडलेली पाकिटं आणि बिल असेल तर जिथून आणली तिथे विचारून बघा, काही दुकानं परत घेतात. नाहीतर पाकिटातून काढून, चुरून, माती-राखेत मिसळून टाका. घरात ठेवलीत तर एखाद्या दिवशी साखर २५० दिसेल आणि कुणीतरी देईल.

सिस्टर_निवृत्त
२५० वरून आठवलं. सारखी २५० च्या वर राहू लागली, किंवा ३०० एकदा जरी आली आणि सोबत तहान, अशक्तपणा, उलटी असेल, तर वहीच्या जोड्या करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

उद्यमबाग_शिफ्ट
चॉकलेट बंद केलंय. बायकोला अजून सांगितलेलं न्हाई, वजन उतरल्यावर सांगतो.

कंग्राळीकर
सगळं वाचून काढलं. माझ्या वडिलांना ७१, हीच तीन औषधांची गोळी चालू आहे, वर बीपीची अटेनोलॉल. त्यांना घाम येतो पण थरथर कधी होत नाही. म्हणजे साखर घसरत नसेल ना? इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

सिस्टर_निवृत्त
वेगळा काढा. पण त्याआधी आज घाम येईल तेव्हा मोजा. अटेनोलॉल धडधड आणि थरथर दाबून टाकते, घाम तेवढा राहतो. धाग्यात क्रिएटिनिन आणि गोळीचे मिलिग्रॅम लिहायला विसरू नका.